आफ्टरकूलर बसवूनही इनटेकची हवा पुन्हा तापते? आधी पाणी फिरतंय का ते बघा

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्याची असते. सुपरचार्जरच्या (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या यंत्राच्या) गाडीला आफ्टरकूलर, म्हणजे ती दाबून तापलेली हवा गार करणारा कूलर, बसवला, पहिले काही आठवडे गाडी झकास पळाली, मग जुनं दुखणं हळूहळू परत आलं. सकाळी काही जाणवत नाही. दुपारी म्हापशाहून पणजीला येताना पर्वरीच्या गर्दीत अडकली की ओढ जाते, अॅक्सिलरेटर दाबला की इंजिन नॉक मारतं (आतून टकटक वाजतं), ओबीडीवर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे दाखवणाऱ्या यंत्रावर, इनटेकचं (इंजिनात शिरणाऱ्या हवेचं) तापमान सत्तरच्या वर दिसतं. मेस्त्री म्हणतो, कूलरच्या पाण्याने एअर धरली असेल. तो एअर काढतो, पाणी भरतो, गाडी सुधारते. महिनाभरात पुन्हा तेच.

एअर काढल्यावर गाडी सुधारते, म्हणजे मेस्त्रीचं निदान अर्धं बरोबर आहे. उरलेलं अर्धं कुणी बघत नाही: ती एअर पुन्हा आत येते कुठून? बंद सर्किटमध्ये एकदा नीट भरलेलं पाणी वर्षभर तसंच राहायला हवं. नसेल राहत, तर कुठेतरी वाट आहे, आणि ती वाट सापडेपर्यंत नवा मोठा पंप, नवा मोठा रेडिएटर, नवा कोअर यांवर पैसे घालण्यात अर्थ नाही.

हे सगळं पाण्यावर चालणाऱ्या आफ्टरकूलरबद्दल आहे. म्हणजे सुपरचार्जरच्या खाली मॅनिफोल्डमध्ये किंवा मॅनिफोल्डच्या तोंडाशी बसणारा जाळीदार कोअर, त्याचं स्वतंत्र पाणी, स्वतंत्र इलेक्ट्रिक पंप, बंपरमागे स्वतंत्र छोटा रेडिएटर आणि एक लहानशी टाकी. ऑडीच्या ३.० टीएफएसआय व्ही ६ मध्ये तर असे दोन कूलर सुपरचार्जरच्या घरातच बसवलेले असतात. इंजिनच्या कूलंटशी या पाण्याचा संबंध ठेवायचा नाही. इंजिनचं पाणी नव्वद अंशांच्या आसपास फिरतं, त्याने हवा काय थंड होणार? कल्पनाही नवी नाही. स्पिटफायर मार्क ९ च्या मर्लिन इंजिनात दोन टप्प्यांच्या सुपरचार्जरमधून निघालेली तापलेली हवा पाण्याच्याच कूलरमधून जायची, आणि त्या पाण्याला वेगळा रेडिएटर होता.

आणखी एक, वाद नको म्हणून आधीच सांगतो. कंपनीतूनच सुपरचार्जर आलेल्या गाडीची दुरुस्ती वेगळी आणि बाहेरून सुपरचार्जर बसवणं वेगळं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. आरटीओ आणि विमा या दोन्ही बाजू आधी बघून घ्या. खाली फक्त यंत्राची बाजू आहे.

किती उष्णता काढायची आहे?

हा हिशोब एकदा डोक्यात बसला की पुढचं निदान सोपं जातं. बाहेरची हवा ३५ अंश, बूस्ट (सुपरचार्जरने वाढवलेला हवेचा दाब) अर्धा बार. आदर्श कॉम्प्रेसरमधून ती हवा सुमारे ७३ अंशांवर बाहेर पडेल. पण रूट्स जातीचा सुपरचार्जर आदर्श नसतो. त्याची कार्यक्षमता साठ टक्के धरली तर तीच हवा शंभराच्या जरा अलीकडे येते. दीडशे हॉर्सपॉवरचं इंजिन पूर्ण जोरात मिनिटाला साधारण साडेसहा-सात किलो हवा ओढतं. ती शंभरावरून पन्नासावर आणायची, तर कोअरला साडेपाच किलोवॅटच्या आसपास उष्णता पाण्यात ढकलावी लागते. घरातले दोन किलोवॅटचे जवळजवळ तीन गिझर एकदम चालू केल्यासारखं आहे हे.

आता पाणी. मिनिटाला १५ लिटर फिरत असेल, तर या उष्णतेने कोअरमध्ये शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या पाण्यात पाचेक अंशांचा फरक पडतो. प्रवाह निम्म्यावर आला की फरक दहा-अकरा अंश. आणि प्रवाह थांबलाच, तर कोअरमधलं अर्धा लिटर पाणी दहा सेकंदांत वीस-पंचवीस अंशांनी चढतं. कोअर कितीही महागाचा असो, पाणी फिरलं नाही तर तो नुसता धातूचा ठोकळा.

म्हणून पाणी फिरतंय का, हा पहिला प्रश्न. "पंपाचा आवाज येतो की," हे त्याचं उत्तर नाही. एअर धरलेला पंपही गुणगुणतो. उलट जरा जास्तच मोकळेपणाने गुणगुणतो.

खात्रीचा मार्ग बादलीचा. टाकीत परत येणारा पाइप सुटा करून बादलीत सोडा, पंप चालू करा, एकजण टाकीत पाणी ओतत राहील. पंधरा सेकंद मोजा. तीन-चार लिटर आलं तर ठीक. दोनच्या खाली आलं तर दोष पाण्याच्या बाजूला आहे, पुढे हवेच्या बाजूला हात लावायची घाई करू नका. पंपाच्या खोक्यावर लिहिलेला आकडा मोकळ्या तोंडाचा असतो. कोअर, रेडिएटर आणि चार-पाच वळणं पार केल्यावर तो तसा राहत नाही, त्यामुळे त्याच्याशी तुलना करून घाबरू नका.

चार तापमानं

बादली नीट भरली, तरीही गाडी तापते, अशा वेळी मोजायला बसावं लागतं. चार जागा: बाहेरची हवा, कोअरमध्ये जाणारं पाणी, कोअरमधून येणारं पाणी, आणि कोअरनंतरची हवा. पाण्यासाठी तारेचे थर्मोकपल (तापमानाचे सेन्सर) बरे. ते सिलिकॉन पाइपवर चिकटवू नका, सिलिकॉन उष्णता अडवतो. कोअरच्या किंवा रेडिएटरच्या धातूच्या नळीवर लावा आणि वरून फोमची पट्टी गुंडाळा. इन्फ्रारेडची बंदूक वापरणार असाल तर चकचकीत अॅल्युमिनियमवर ती थेट रोखू नका, ती भलतंच कमी दाखवते. आधी तिथे काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा आणि टेपवर नेम धरा.

चौथ्या जागेबद्दल सावध राहा. बऱ्याच गाड्यांत हवेच्या तापमानाचा मूळ सेन्सर एअर फिल्टरजवळ, सुपरचार्जरच्या आधी असतो. तो बाहेरच्या हवेचं तापमान सांगतो, आफ्टरकूलरचं काम त्याला कळतच नाही. तुम्ही ओबीडीवर बघताय तो आकडा कुठल्या सेन्सरचा, हे आधी ठरवा. कोअरनंतर सेन्सर नसेल तर तो बसवल्याशिवाय ट्यूनिंगच्या गप्पा करू नयेत असं माझं मत आहे. ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) हवा तापलेली दिसत नसेल तर तो टायमिंग (ठिणगीची वेळ) मागे घेणार कशाच्या आधारावर?

मग गाडी बाहेर काढा. तीन प्रकारचा रस्ता हवा: महामार्गावर ऐंशीच्या वेगाने सलग दहा मिनिटं, भर दुपारची तुंबलेली गर्दी, आणि चढ. डिचोली-साखळीकडच्यांना केरीवरून वर जाणारा चोर्ल्याचा घाट आहे, सासष्टी-काणकोणवाल्यांना करमल घाट, फोंड्याकडून मोल्यापुढचा अनमोड. आकडे शेजारी बसलेल्याने लिहायचे, चालवणाऱ्याने नाही.

आकडे वाचायचे असे. महामार्गावर कोअरमध्ये जाणारं पाणी बाहेरच्या हवेपेक्षा दहा-बारा अंशांहून जास्त गरम असेल, तर पुढचा रेडिएटर उष्णता सोडत नाही. जाणारं आणि येणारं पाणी यांतला फरक चढावर दहाच्या वर जात असेल, तर प्रवाह कमी. पुढचा रेडिएटर हाताला गार, त्यातून निघालेला पाइप गार, आणि कोअर मात्र चटका देतोय, तर पाणी थांबलंय. एअर लॉकची याहून स्पष्ट खूण नाही. पाणी दोन्हीकडे व्यवस्थित गार, फरकही थोडा, पण कोअरनंतरची हवा तरीही गरम, असं असेल तरच हवेच्या बाजूला वळायचं.

एअर येते कुठून

वारंवार परत येणाऱ्या दुखण्याचं मूळ बहुधा इथेच सापडतं. टाकीचं झाकण उघडून, मोबाइलचा टॉर्च मारून परत येणाऱ्या पाण्याकडे दोन-तीन मिनिटं बघत राहायचं. बुडबुडे *केव्हा* येतात, यावरून वाट ओळखता येते.

पंप चालू आहे, इंजिन बंद आहे, तरी बारीक बुडबुड्यांची सलग रांग येतेय: पंपाच्या ओढीच्या बाजूला गळती आहे. टाकी ते पंप एवढ्याशा पाइपमध्ये पंप चालू असताना दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असू शकतो. तिथे क्लिप जराशी सैल असेल तर पाणी बाहेर गळत नाही, हवा आत ओढली जाते. खाली थेंब नाही, डाग नाही, म्हणून ही गळती कुणाला दिसत नाही. पंप बंद केल्यावर एखादा थेंब जमतो, तो एवढ्या उकाड्यात सुकूनही जातो. सिलिकॉनच्या मऊ पाइपवर साधी, फटीफटीची स्क्रूवाली क्लिप आवळली की ती पाइपमध्ये रुतते; गरम-गार होता होता पकड सुटते, पुन्हा आवळली की आणखी रुतते. तिथे आतून गुळगुळीत पट्टी असलेली क्लिप किंवा सरळ स्प्रिंगची क्लिप लावा. स्प्रिंगची क्लिप स्वस्त दिसते म्हणून लोक नाक मुरडतात, पण पाइप आकसला-फुगला तरी ती आपली पकड सोडत नाही.

रस्त्यावर बुडबुडे, गॅरेजमध्ये नाहीत: टाकीकडे बघा. दीड-दोन लिटरची टाकी, पाणी परत येणारं तोंड आणि पंपाकडे जाणारं तोंड समोरासमोर, मध्ये पडदा नाही, आणि पाण्याची पातळी परतीच्या तोंडाच्या खाली. मग परतीचं पाणी वरून धबाधबा पडतं, फेस होतो आणि तोच फेस पंप ओढतो. चोर्ल्याच्या वळणांवर टाकीतलं पाणी एका बाजूला गेलं की पंपाचं तोंड क्षणभर उघडं पडतं, तेवढं पुरतं. परतीचं तोंड पाण्याखाली बुडलेलं हवं, पंपाचं तोंड अगदी तळाला हवं, मध्ये भोकं पाडलेला एक पडदा असला तर उत्तम.

बूस्ट आला की बुडबुडे, टाकी फुगते, झाकणातून पाणी उसळतं: इथे हसू नका. कोअर फुटलेला असण्याची दाट शक्यता आहे. बूस्टमध्ये हवेचा दाब पाण्याच्या दाबापेक्षा जास्त, म्हणून हवा कोअरच्या चिरेतून पाण्यात शिरते. तुम्ही अॅक्सिलरेटर सोडला की मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम तयार होतो, आणि त्याच चिरेतून पाणी उलट इंजिनात ओढलं जातं. थोडं गेलं तर सकाळी स्टार्ट करताना पांढरा, गोडसर वासाचा धूर. रात्रभर झिरपून सिलिंडरमध्ये साठलं तर स्टार्टर मारताच पिस्टन पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्याची पातळी उतरतेय आणि खाली कुठे गळती दिसत नाही, अशी गाडी तपासल्याशिवाय चालवू नका.

कोअरची परीक्षा गाडीवरच होते. कोअरचे दोन्ही पाण्याचे पाइप काढा, एक तोंड बूच मारून बंद करा, दुसऱ्याला रेग्युलेटर आणि मीटर लावून कॉम्प्रेसरची एक बारपर्यंतची हवा द्या. त्याहून जास्त नको, चांगला कोअर फुगवून ठेवाल. मग कॉम्प्रेसरकडची कॉक बंद करून अर्धा तास थांबा. काटा जागचा हलायला नको. हलला, तर साबणाचं पाणी आधी तुमच्याच जोडण्यांवर मारा. तिथे फेस नसेल तर सुपरचार्जर वर उचलून कोअर बाहेर काढावा लागेल, आणि पाण्याच्या टबात बुडवला की बुडबुड्यांची जागा दिसेल. बहुतेक वेळा ती टोकाच्या टाकीच्या वेल्डजवळ असते, किंवा कोअरच्या नळीला मॅनिफोल्डच्या भिंतीतून बाहेर आणणाऱ्या ओ-रिंगपाशी. ओ-रिंग असेल तर नशीब म्हणायचं.

यांपैकी काहीच नाही, बुडबुडे नाहीत, तरी महिन्याने पाणी कमी: टाकीचं झाकण बदलून बघा. आणि सगळे पाइप सिलिकॉनचे असतील, तर हेही माहीत असू द्या की सिलिकॉनमधून पाण्याची वाफ अगदी हळूहळू झिरपून जाते. रबराच्या ईपीडीएम पाइपमध्ये हा त्रास बराच कमी. निळा-लाल सिलिकॉन बॉनेट उघडल्यावर देखणा दिसतो, एवढाच त्याचा जादा गुण.

आता बसवण्यातली एक गोष्ट, जिच्यामुळे एअर *येत* नाही पण *जातही* नाही. मॅनिफोल्डमधला कोअर बहुधा सगळ्या सर्किटमधली सगळ्यात उंच जागा असतो, आणि टाकी मात्र जागा मिळाली म्हणून खाली, हेडलाइटच्या मागे लटकवलेली असते. हवा वर जाते आणि कोअरमध्येच बसून राहते. टाकीचं झाकण कोअरपेक्षा उंच हवं. ते शक्य नसेल तर सगळ्यात उंच पाइपवर एअर काढायचा स्क्रू असलेला टी-जोड बसवा. क्रम मी असा ठेवतो: टाकी, तिच्याखाली पंप, मग पुढचा रेडिएटर, मग कोअर, आणि कोअरमधून थेट टाकीत परत. सगळ्यात गार पाणी कोअरला मिळतं आणि कोअरमधली हवा पुढच्याच वळणावर टाकीत मोकळी होते. रेडिएटरमध्ये पाणी खालच्या तोंडाने आत, वरच्या तोंडाने बाहेर.

खारी हवा आणि वायरिंग

मिरामार, कोळवा, मोरजी, बायणा या पट्ट्यात रात्री बाहेर उभी राहणारी गाडी असेल तर पंपाचं वायरिंग वेगळं तपासा. पंप बंपरमागे खाली असतो, कनेक्टर त्याच्याही खाली, आणि जूनपासून चार महिने त्यावर पाणी उडत असतं. बाहेरून वायर नवीकोरी दिसते. कनेक्टरपासून चार बोटं मागे इन्सुलेशन सोलून बघा: तांब्याचे तंतू हिरवे-काळे पडलेले, नखाने खरवडले तर भुकटी निघते. ओलावा वायरच्या आतून चढत जातो, त्यामुळे नुसता कनेक्टर बदलून भागत नाही. लख्ख तांबं लागेपर्यंत मागे कापायचं, आतून गोंद असलेली हीट श्रिंक घालायची.

मोजायचं ते पंप चालू असताना, पंपाच्या तोंडाशी. कनेक्टर काढून मोजलं तर खराब वायरही पूर्ण व्होल्टेज दाखवते, कारण करंट वाहत नसतो. इंजिन चालू, पंप चालू, मीटरच्या सुया कनेक्टरच्या मागून घातलेल्या: तेराच्या वर हवेत. साडेअकरा-बारा दिसले तर बॅटरीचा निगेटिव्ह ते पंपाचा निगेटिव्ह मोजा. तिथेच व्होल्ट-दीड व्होल्ट मिळाला तर दोष अर्थिंगचा. रंगाच्या वरून बोल्ट मारलेलं अर्थिंग इथे एक पावसाळा काढतं, दुसरा काढेलच असं नाही.

करंटही बोलतो. चांगल्या दिवशी, सर्किट भरलेलं असताना पंप किती अँपिअर घेतो ते टाकीच्या झाकणाखाली लिहून ठेवा. पुढे तक्रार आली आणि करंट त्याहून बराच कमी दिसला, तर पंप हवेत फिरतोय. जास्त दिसला तर पंपाच्या पंख्यात काहीतरी अडकलंय किंवा बेअरिंग गेलंय. रिले शक्यतो डॅशबोर्डच्या बाजूला घ्या, बंपरमागे नको. पंप इग्निशनवर चालू झाला पाहिजे. एसीच्या किंवा फॅनच्या स्विचवर जोडलेले पंप पाहिलेत, त्यांची तक्रार "कधी कधी चांगली चालते" अशी असते आणि डोकं खाते.

पुढचा रेडिएटर

हा एसीच्या कंडेन्सरच्या पुढे हवा. मागे बसवला तर त्याला कंडेन्सरने तापवलेली हवा मिळते, आणि गोव्यात एसी बंद ठेवून गाडी चालवणारा माणूस मला अजून भेटायचाय. पुढे बसवल्याने गर्दीत एसी किंचित मंदावतो, ते सोसायचं. कडेच्या फटी फोमने बंद करा, नाहीतर हवा रेडिएटर सोडून फटीतून पळते.

हा रेडिएटर आणि कंडेन्सर यांच्या मधल्या बोटभर जागेत काय असतं ते वर्षातून एकदा तरी बघा. पावसाळ्यात तांबड्या मातीचा चिखल तिथे जातो आणि चवथीनंतर ऊन पडलं की पक्की पापडी धरतो. समोरून रेडिएटर स्वच्छ दिसतो, मागून निम्मा बंद. वरचे दोन बोल्ट काढून पुढे झुकवायचा आणि साध्या पाइपच्या पाण्याने मागून पुढे धुवायचा. प्रेशर वॉशर जवळून मारलात तर फिन्स झोपतात. किनाऱ्यावरच्या गाड्यांत फिन्सवर पांढरी भुकटी दिसते; बोट लावल्यावर फिन्स चुरल्या तर धुण्याचे दिवस संपले, नवा घ्या.

कुठलं पाणी

विहिरीचं नको. जांभ्या दगडातलं आपलं पाणी प्यायला गोड लागतं, पण ते बहुधा किंचित आम्लधर्मी असतं, त्यात लोह असतं, आणि किनाऱ्याजवळ क्षारही. अॅल्युमिनियमचा कोअर, पितळेचे जोड आणि असं पाणी एकत्र आलं की गंज सुरू. डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड पाणी घ्या. पेट्रोल पंपावर बॅटरीचं पाणी म्हणून मिळतं ते चालतं. मात्र बाटलीवर अॅसिड लिहिलेलं नाही ना, हे वाचून घ्या.

कूलंट निम्मं घालायची गरज नाही. ग्लायकॉल गोठण्यापासून वाचवतं, आणि आपल्याकडे पाणी गोठायला अजून अवकाश आहे. निम्म्या-निम्म्या मिश्रणाची उष्णता वाहण्याची क्षमता साध्या पाण्यापेक्षा पंधरा-वीस टक्क्यांनी कमी होते आणि ते दाटही असतं. पण नुसतं पाणीही नको, गंजरोधक हवाच. पंचवीस टक्के चांगलं कूलंट, बाकी पाणी, हे इथे पुरतं.

टाकीत बर्फ टाकायची टूम अधूनमधून निघते, मासळीच्या पेटीतला बर्फसुद्धा टाकलेला ऐकलाय. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता घेतो. वरचा साडेपाच किलोवॅटचा हिशोब लावा: पूर्ण जोरात जेमतेम एक मिनिट. ड्रॅग रेसला ठीक, पणजी-मडगावला नाही.

हवेची बाजू, थोडक्यात

पाणी निर्दोष ठरलं तरच. पहिला संशय कोअरच्या कडेच्या सीलवर: कोअर आणि मॅनिफोल्डची भिंत यांत दोन-तीन मिलिमीटरची फट राहिली तरी हवा सोप्या वाटेने जाते. दुसरा तेलावर; पीसीव्हीतून (इंजिनच्या आतली वाफ परत इनटेकमध्ये सोडणाऱ्या झडपेतून) येणारी तेलाची वाफ कोअरच्या फिन्सवर चिकट थर धरते, तो साफ करून कॅच कॅन (ते तेल अडवणारा डबा) बसवा. तिसरा बायपास व्हॉल्व्हवर, म्हणजे बूस्ट नको असताना हवेला सुपरचार्जरभोवती वळसा देणाऱ्या झडपेवर. तो अर्धवट अडकला तर तीच हवा सुपरचार्जरमधून पुन्हा पुन्हा फिरते आणि प्रत्येक फेरीत तापते. साध्या वेगालाही इनटेक गरम राहत असेल तर यालाच धरा. कोअरसाठी सुपरचार्जर उंच घेतला असेल तर पुलीची रेषही तपासा, पण त्यातून बेल्ट सरकतो आणि बूस्ट पडतो, तापमान वाढत नाही. ती तक्रार वेगळी.

भरताना

कॉम्प्रेसरवर चालणारं व्हॅक्यूम फिलिंगचं किट मिळालं तर तेच वापरा. ते सर्किटमधली हवा ओढून घेतं, काटा स्थिर राहतो की पडतो यावरून गळतीही कळते, आणि मग पाणी आपसूक आत शिरतं. किट नसेल तर गाडीचं नाक उतारावर वरच्या बाजूला किंवा रॅम्पवर, टाकी ही सगळ्यात उंच जागा होईल असं उभं करा. हळूहळू भरा, एअरचा स्क्रू उघडा ठेवा, सलग पाणी आलं की बंद करा. मग पंप अर्धा मिनिट चालू, अर्धा मिनिट बंद, असं करत राहा. सतत चालू ठेवला तर पंप हवा घुसळून तिचे बारीक बुडबुडे करतो आणि ते बाहेर पडायला वेळ लागतो. बंद असताना मोठे बुडबुडे वर येतात. पाइप हाताने दाबत-सोडत राहिलं की आणखी निघतात.

पातळीवर मार्करने रेघ मारा. पहिला आठवडा रोज सकाळी, इंजिन गार असताना, झाकण उघडून बघा. पहिल्या दोन-तीन दिवसांत थोडी उतरली तर ती आत अडकलेली हवा निघाल्यामुळे, रेघेपर्यंत भरा. त्यानंतरही उतरत राहिली, तर पुन्हा एअर काढत बसू नका. कोअरला एक बारची हवा लावा.